धोंड्याच्या महिन्यातली थंडी

आमच्या जावयाला परभणी जिल्ह्यात, अधिक जेठात, भर दुपारी थंडी वाजली. आणि त्याला कारण माझी भांडी घासायची सवय.

हे मी कुणाला सांगितलं की तो माणूस आधी माझ्या तोंडाकडं बघतो आणि मग हळूच विचारतो, "काकू, उन्हात गेला होतात का?" त्याचंही चुकत नाही म्हणा. आमच्या बोरीला जेठात टाकीच्या नळाखाली कोथिंबीर धुतली तर ती शिजून निघते. (थोडं वाढवून सांगतेय. पण थोडंच.) कुत्री रांजणाखालच्या ओलीत पोट टेकून पडतात आणि लग्नाची पत्रिका द्यायला आलेला माणूस आधी पाणी मागतो, मग तास-दीड तास बसतो आणि पत्रिका न देताच जातो. अशा महिन्यात थंडी! पण वाजली. माझ्या डोळ्यांदेखत वाजली.

आमची मंजू नाशिकला दिलेली. ती तिथं शाळेत शिकवते, म्हणजे तिला सुट्टी मिळणार ती उन्हाळ्यात. बाकी वर्षभर पोरांचे पेपर, नाहीतर पोरांच्या आयांच्या मीटिंगा. जावई निखिल लय गुणी. बोलणं कमी, खाणं कमी, आणि मोठ्या माणसांपुढं 'नाही' हा शब्द त्याला येतच नाही. वाढत गेलं तर खात जाईल, पण 'बास' म्हणणार नाही. हा गुण लक्षात ठेवा, पुढं लागणार आहे.

लग्नानंतरच्या पहिल्या उन्हाळ्यात दोघं आले, तेव्हा आमच्या गाडीच्या एसीनं घात केला. गाडी म्हणजे आमच्या ह्यांनी येलदरीच्या पॉवर हाऊसमधून रिटायर झाल्यावर घेतलेली, जुनी, पांढरी. एसी परभणी स्टेशनपासून झरीपर्यंत चालला आणि तिथं टक् करून बंद पडला. झरी ते बोरी जावई तापल्या तव्यावर बसल्यासारखा बसून आला, एका शब्दानं काही बोलला नाही, आणि घरी येऊन जो आडवा झाला तो उठेचना. ऊन लागलं. कांद्याचा रस झाला, कैरीचं पन्हं झालं, तळपायाला काशाची वाटी घासून घासून माझे हात गेले. पोरगं बरं होऊन परत गेलं, पण त्याच्या आईचा फोन आला. विहीणबाई ओरडून बोलत नाहीत. त्या नाशिकच्या आहेत, गोड बोलतात, आणि ते गोड बोलणं आठ दिवस पोटात दुखत राहतं. म्हणाल्या, "तुमच्याकडचं ऊन काही आमच्या पोराला सोसत नाही हो. उन्हाळ्यात आता तुम्हीच येत जा इकडे."

म्हणजे काय, तर मंजूला सुट्टी फक्त उन्हाळ्यात आणि उन्हाळ्यात माहेर बंद. मी फोन ठेवला आणि माळ्यावर काढून ठेवलेल्या तिच्या उशीकडं बघत बसले.

तेवढ्यात पुढच्याच वर्षी अधिक महिना आला, आणि तोही जेठाचा. अधिक महिना तीन वर्षांनी एकदा येतो. त्यात जावयाला घरी बोलवायचं, पुरण भरून उकडलेले धोंडे जेवायला घालायचे, तीस-तीन अनारसे परातीत रचून वर दिवा ठेवायचा आणि ते वाण त्याच्या हाती द्यायचं. लग्नानंतरचा पहिला धोंडा! तो चुकवला तर पुढं तीन वर्षं भावकी मला तोंड वर काढू देणार नव्हती. मी विहीणबाईंना फोन लावला. लय आर्जवं केली. शेवटी त्या म्हणाल्या, "गाडी गार असेल तर ह्या खेपेला पाठवते. पण काही झालं तर मग मात्र माझं ऐकायचं."

ऐकायचं म्हणजे मंजूचं उन्हाळ्यातलं येणं कायमचं बंद. आता सगळं त्या एसीवर आलं होतं.

हे परभणीला रज्जाकभाईच्या गॅरेजला जाऊन आले. रज्जाकभाईनं बोनेट उघडून बघितलं आणि रोग सांगितला. कंप्रेसरचा क्लच. ह्यांनी घरी येऊन मला तो समजावून सांगितला, तो मी तुम्हाला माझ्या भाषेत सांगते. कंप्रेसरच्या तोंडावर एक पुली असते, ती इंजिनाच्या पट्ट्यानं सारखी फिरते. तिच्यासमोर केसभर अंतर ठेवून एक लोखंडी ताटली असते. आपण एसीचं बटण दाबलं की आतलं मॅग्नेट त्या ताटलीला ओढून पुलीला चिकटवतं, 'टक्' असा आवाज होतो, आणि गार हवा चालू. बटण बंद केलं की ताटली सुटते. आमची ताटली झिजली होती, अंतर वाढलं होतं, आणि गाडी तापली की मॅग्नेटला ती ओढवत नव्हती. हे ऐकून मी म्हटलं, "म्हंजी नवरा-बायकोसारखंच की. लय लांब ऱ्हाऊन बी संसार न्हाई, अन् लय चिकटून बी न्हाई."

"तुला सगळ्यात संसारच दिसतो," हे म्हणाले. पण पुढं हाच माझा विचार खरा ठरला, हे मी नम्रपणे नमूद करते.

रज्जाकभाईचे रोजे चालू होते, दुपारनंतर गॅरेज बंद. त्यानं गाडी ठेवून जा म्हणून सांगितलं, ईद झाली की करून देतो. ईद होईपर्यंत आमचा अधिक महिनाच सरणार! तेव्हा तो बिचारा म्हणाला, की काका, काम एवढंसं आहे. ताटलीच्या आत पातळ पातळ चकत्या असतात, अंतर राखायला. त्यातली एक काढून टाका, ताटली जवळ येईल, मॅग्नेट धरेल. शेजारच्या गावात कुणी मेकॅनिक असेल तर त्याला सांगा.

शेजारच्या गावात! ह्यांनी ते मनाला लावून घेतलं. घरी आले आणि जाहीर केलं, "क्लच मी करतो."

मी म्हटलं, "तुमी?"

"येलदरीला एवढं मोठं टर्बाइन फिरायचं माझ्या हाताखाली. ही तर ताटली हाय."

(खरं म्हणजे हे तिथं तासातासाला मीटरचे आकडे लिहून घ्यायचे. टर्बाइन ह्यांच्या समोर फिरायचं, हाताखाली नाही. पण चाळीस वर्षांच्या संसारात मी हा फरक कधी बोलून दाखवला नाही.)

अंगणात लिंबाखाली गाडी उभी राहिली. हे सतरंजी टाकून गाडीखाली गेले, नुसते पाय बाहेर. मला हुकूम आला, की टेबल फॅन आण. आणला. तो पायांवर लावला. मग पाना आण, टॉर्च धर, टॉर्च तिकडं नको इकडं धर. ताटलीच्या मधला नट काढायला जावं तर नटाबरोबर ताटली पण फिरायची. दोघं मिळून गोल गोल. हे आतून म्हणाले, "सांडशी आण अन् ताटली गच धर." मग मी पदर खोचला, बोनेटकडून वाकले, आणि ज्या सांडशीनं चाळीस वर्षं दुधाचं पातेलं उतरवलं तिनं कंप्रेसरचा क्लच धरला. शेजारची गिरजाबाई कुंपणावरून विचारत होती, काय शिजायलंय म्हणून.

नट सुटला. ताटली निघाली. तिच्यामागून तीन चकत्या निघाल्या, कागदासारख्या पातळ, अंगठीसारख्या तर्जनीत बसतील अशा. ह्यांनी पॉवर हाऊसचा नियम सांगितला. जे ज्या क्रमानं उघडलं ते त्या क्रमानं मांडून ठेवायचं, म्हणजे बसवताना चूक होत नाही. आणि मांडायला ह्यांनी काय घेतलं असेल? माझी पितळी परात. वाणाची! देवळीतून काढलेली, उद्या अनारसे रचायची ती! तिच्यात ताटली, नट, दोन चकत्या अशा ओळीनं मांडल्या. तिसरी, काढून टाकायची चकती, ह्यांनी शर्टाच्या खिशात ठेवली. मग ग्रीसनं माखलेला शर्ट काढून मोरीत टाकला आणि अंगोळ करून, थोडं पडतो म्हणून, कूलरपुढं जाऊन घोरायला लागले.

आता माझी बाजू ऐका. माझ्या डोक्यात धोंडे होते. पुरणाला डाळ भिजायची होती, अनारसे रचायचे होते, आणि परात बघते तर काळीकुट्ट, ग्रीसनं बरबटलेली. मी दुसरं काय करणार? चिंच घेतली, मीठ घेतलं, मोरीत पाटावर बसले. आणि माझा स्वभाव असा, की घासायला बसले म्हणजे जे हाती येईल ते घासते. परात घासली. ताटली पण घासली. काय चकाकली! नवरीच्या रुखवतात ठेवावी अशी. नट घासला. वर दोन तांबे पाणी ओतून सगळं खळखळून घेतलं, आणि हातासरशी तो शर्टही चोळून धुऊन टाकला.

हे उठून आले तेव्हा ताटली आणि नट अंगणात स्वच्छ फडक्यावर वाळत होते.

"चकत्या कुठं हायेत?"

"कोणत्या चकत्या?"

हे गर्रकन वळले. मोरीकडं गेले, वाकून पाहिलं, मग मला विचारलं, "अन् माझा शर्ट?"

मी दोरीकडं बोट केलं. शर्टाचा खिसा उलटा झाला होता. मी शर्ट नेहमी खिसा उलटा करून धुते, खिशात मळ राहतो म्हणून.

मग आम्ही मोरी उपसली. हे तार घालत होते, मी पाणी ओतत होते. काय काय निघालं! एक बटण, साडीची पिन, आणि मंजूच्या लग्नात हरवलेला चांदीचा चमचा. (ह्या चमच्यावरून मी माझ्या नणंदेशी पाच-सहा महिने धड बोलले नव्हते.) चमचा बघून मला एवढा आनंद झाला, की मी चकत्या विसरले आणि म्हटलं, "बघा, चांगलंच झालं की." ह्यांनी माझ्याकडं अशा नजरेनं बघितलं, की मी चमचा पदराआड केला. चकत्या काही निघाल्या नाहीत. मोरीचं पाणी मागं अळूत जातं. त्या अळवात कुठंतरी असतील.

संध्याकाळ झाली. जावई दुसऱ्या दिवशी दुपारच्या रेल्वेनं येणार. मी रडकुंडीला आले. ह्यांना म्हटलं, रज्जाकभाईला फोन लावा, चकत्या मागवा. हे म्हणाले, आता तो रोजा सोडायला बसला असेल, अशा वेळी फोन करायचा नसतो. हे खाटेवर बसून बराच वेळ त्या चकाकत्या ताटलीकडं बघत राहिले. मग चेहरा उजळला.

"अगं, एक चकती काढली की अंतर कमी होतं, अन् एसी चालतो. बरोबर?"

"बरोबर."

"मग तिन्ही काढल्यावर?"

मी हिशोब केला. मला पटला! एक काढली तर चालतो, तिन्ही काढल्या तर पळेल. आम्ही दोघांनी त्याच सांडशीनं ताटली बसवली, नट आवळला, गाडी चालू केली. काय सांगू तुम्हाला, 'टक्' व्हायच्या आधीच गार वारं सुटलं! हे पुढं बसले, मी शेजारी बसले. दारात उभ्या गाडीत, अंधार पडेपर्यंत, आम्ही दोघं म्हातारा-म्हातारी हातावर हात ठेवून गार वारं खात बसलो. मला बाई कौतुक वाटलं ह्यांचं. म्हटलंसुद्धा, टर्बाइन खरंच तुमच्या हाताखाली होतं बरं का. मग ह्यांनी किल्ली फिरवून गाडी बंद केली आणि आम्ही जेवलो.

एसी चालू होतो का, हे आम्ही बघितलं. तो बंद होतो का, हे बघायचं आमच्या दोघांच्याही मनात आलं नाही. परभणी जिल्ह्यात जेठात एसी बंद करून कोण बघतं?

दुसऱ्या दिवशी दोघंही स्टेशनवर गेलो. मंजू उतरली, मला बिलगली. निखिल उतरला, पाया पडला. त्याच्या डोक्याला आईनं दिलेला पांढरा रुमाल, खिशात कांदा, हातात ग्लुकोजचं पाणी. लढाईवर निघाल्यासारखा. ह्यांनी गाडीचं दार उघडलं आणि म्हणाले, "बसा जावईबापू. आता ऊन कसं लागतंय तेच बघतो मी."

जावई पुढं, मानाचा. मंजू आणि मी मागं. गाडी निघाली, गार वाऱ्याचा झोत आला, निखिलनं डोळे मिटून "वा!" केलं. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. मी मनात विहीणबाईंना म्हटलं, या, बघा आता.

शहर संपलं आणि मंजूनं पर्समधून ओढणी काढून खांद्यावर घेतली. थोड्या वेळानं मी पाय वर घेऊन सीटवर मांडी घातली. निखिलनं डोक्याचा रुमाल काढून गळ्याला गुंडाळला. ह्यांनी आरशातून विचारलं, "गार हाय ना?" निखिल म्हणाला, "हो मामा, छान आहे." आवाज जरा थरथरला, मला वाटलं, खड्ड्यामुळं असेल.

थोडं पुढं गेल्यावर मंजू म्हणाली, "बाबा, जरा कमी करा की."

इथं आमच्या गाडीची थोडी माहिती द्यायला हवी. वाऱ्याचं बटण चार आकड्यावर अडकलेलं आहे, ते तीनवर येत नाही. म्हणून गार कमी करायचं तर एसीचंच बटण बंद करायचं, ही आमची रीत. ह्यांनी ते बंद केलं. बटणाचा दिवा गेला. वारं तसंच. परत दाबलं, दिवा लागला; परत दाबलं, गेला. वारं तसंच, उलट जास्तच गार. मग माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. ताटली पुलीला कायमची चिकटली होती! मध्ये चकतीच नाही म्हटल्यावर ती सुटणार कशी? मी पुढं वाकून ह्यांच्या कानात सांगायला गेले तर ह्यांनी नजरेनंच मला गप्प केलं. जावयासमोर दुरुस्तीची शोभा नको.

"काच खाली करा निखिल," मंजू म्हणाली. ती होईना, कारण त्या बाजूच्या काचेचा दांडा मोडलेला. ती पक्कडीनं फिरवावी लागते, आणि पक्कड घरी, लिंबाखाली, सतरंजीवर. मंजूनं तिची काच उघडली तर जाळाचा लोट आत आला. डाव्या गालाला हिमालय, उजव्या गालाला भट्टी! मीच ओरडले, "लाव लाव, त्यांना झळ लागंल!" निखिलचे दात वाजायला लागले होते. मी त्याला विचारलं, थंडी वाजतेय का. तर म्हणाला, "छे छे मामी, मस्त वाटतंय." गुणी पोरगं! मी माझा स्टेशनवर घाम पुसायला आणलेला टॉवेल त्याच्या खांद्यावर टाकला, तो त्यानं दोन्ही हातांनी घट्ट धरला.

झरी आली आणि ह्यांनाच राहवेना. स्वतःचे हात काखेत घालता येत नव्हते ना, स्टिअरिंग होतं. चहाच्या टपरीजवळ गाडी थांबवली, पण इंजिन चालूच ठेवलं, कारण तापल्यावर बंद केली की ती लवकर परत चालू होत नाही.

आता तुम्ही ते चित्र डोळ्यांसमोर आणा. दुपारी तीनचं ऊन. टपरीच्या पत्र्याखाली दहा-बारा माणसं भिंतीला चिकटून बसलेली, सावली हातभर, तिच्यात एकमेकांच्या मांडीवर मांडी. आणि आम्ही चौघं, चांगले शिकलेसवरलेले, रस्त्याच्या कडेला भर उन्हात रांगेत उभे, सूर्याकडं पाठ करून, हात चोळत. एक म्हातारा सावलीतनं सरकून जागा करून म्हणाला, "या की आत पाव्हणं." निखिल म्हणाला, "असू दे बाबा, इथंच बरं आहे." म्हाताऱ्यानं शेजारच्याकडं बघून डोक्याजवळ बोट फिरवलं.

एवढ्यात मला भान आलं. जावई उघड्या डोक्यानं उन्हात उभा! ज्याच्यासाठी एवढा खटाटोप, तेच चाललंय! मी त्याला दंडाला धरून गाडीत बसवलं. आत तो कुडकुडायला लागला, म्हणून बाहेर काढलं. बाहेर डोकं तापलं, म्हणून आत बसवलं. चहा येईपर्यंत पोरगं चार वेळा आत-बाहेर झालं. शेवटी दार उघडं ठेवून अर्धा आत, अर्धा बाहेर असा बसवला.

आणि विहीणबाईंचा फोन आला. बघायचा फोन. तोंड दिसणारा.

निखिलनं तो घेतला, आणि ह्या पोराला आईशी खोटं बोलता येत नाही हे त्या दिवशी मला कळलं. त्या म्हणाल्या, "अरे, उन्हात का उभा आहेस तू?"

"थंडी वाजतेय म्हणून, आई."

मग त्यांनी नीट बघितलं असणार. गळ्याला रुमाल, खांद्यावर टॉवेल, लाल नाक, थरथरणारे ओठ. त्यांच्या जागी मी असते तरी मला दुसरं काही सुचलं नसतं.

"थंडी वाजून ताप आलाय तुला! ऊन लागलं परत. मंजूला दे फोन. नाही, तिच्या आईला दे." मी फोन घेतला. त्यांचे डोळे भरले होते. ह्या खेपेला गोड बोलल्या नाहीत. "मी सांगितलं होतं तुम्हाला. तिथूनच मागं फिरा, परभणीला चांगल्या दवाखान्यात न्या, आणि रात्रीच्या गाडीत बसवून द्या दोघांना. मला माझा मुलगा धड हवाय."

मंजू माझ्याकडं बघत होती. लग्नाच्या दिवशी गाडीत बसताना बघितलं होतं तसं. मी म्हटलं, "ताई, ताप न्हाई, गाडी गार हाय." त्या म्हणाल्या, गाडी इतकी कुठं गार असते का, आणि तुमच्याकडं? तेवढ्यात ह्यांनी बोनेट उघडलं होतं, आणि आतून हाक आली, "इकडं आण तो फोन!"

कंप्रेसरकडं येणाऱ्या पाईपवर बर्फ साचला होता. खोटं सांगत नाही, पांढरा, भुरभुरीत बर्फ. ह्यांनी तो बोटांनी खरवडून माझ्या तळहातावर ठेवला आणि मी तळहात फोनपुढं धरला. सावलीतली माणसं उठून जवळ आली. तो मघाचा म्हातारा बर्फाला बोट लावून म्हणाला, "आयला, खरंच की."

विहीणबाईंनी तोंड फोनच्या अगदी जवळ आणून बघितलं. मग हळू आवाजात म्हणाल्या, "एवढा एसी लावायचा कशाला पण? कमी करा ना."

टर्बाइनच्या माणसानं मान वळवून बोनेटात घातली. मग मीच बोलले. जिल्ह्याच्या रस्त्यावर उभं राहून, तळहातावर बर्फ घेऊन, मी विहीणबाईंना सगळं सांगितलं. परात, चिंच, मीठ, चकत्या, शर्टाचा उलटा खिसा, चमचासुद्धा. "गार होत न्हाई म्हणून दुरुस्त केली ताई, अन् आता गार व्हायची थांबंना."

मग फोन हलायला लागला. मला वाटलं, रेंज गेली. पण त्या हसत होत्या. दोन वर्षांत त्यांना हसताना मी पहिल्यांदा बघितलं. समोरचे दोन दात किंचित पुढं आहेत, म्हणून हसत नसाव्यात. डोळे पुसत म्हणाल्या, "क्लच चिंचेनं घासलात? मंजू आमच्याकडं भांड्यांना बाई लावू या म्हणते, तिचं ऐकलेलं बरं." मग निखिलला मागून घेतलं आणि म्हणाल्या, "जा. धोंडे खाऊन ये. आणि अंगावर घे काहीतरी."

धोंडा झाला. परातीत अनारसे रचले, वर दिवा लावला, निखिलनं वाण घेतलं आणि वाण घेता घेता तीनदा शिंकला. सर्दी चांगलीच झाली होती. बाहेर पाखरं झाडावरून पडत होती आणि आमच्या घरात जावयाला ओव्याची धुरी आणि सुंठेचा काढा! गिरजाबाई कुंपणावरून धुराकडं बघून काही न विचारता आत गेली. मंजू पंधरा दिवस राहिली. माळ्यावरची उशी खाली आली.

त्यानंतर ती दर उन्हाळ्यात येते. पुढच्या वर्षी तर विहीणबाई स्वतः आल्या, येताना माझ्यासाठी एक जाडजूड लोकरीची शाल घेऊन. मे महिन्यात! "तुमच्या गाडीत लागते म्हणे," म्हणाल्या. परभणीहून बोरीपर्यंत आम्ही दोघी मागच्या सीटवर ती एकच शाल पांघरून आलो. अर्ध्या वाटेत त्या माझ्या खांद्यावर डोकं ठेवून झोपल्या.

रज्जाकभाई किती वेळा म्हणाला, काका, गाडी आणा, दोन मिनिटांत चकती टाकून देतो. हे नेत नाहीत. चालू मशीन उघडायचं नाही, असा पॉवर हाऊसचा नियम आहे म्हणे. (आणखी एक.) त्यामुळं उन्हाळ्यात आमच्या गाडीला गावभर मागणी असते, आणि दिवाळी झाली की आम्ही तिच्यावर ताडपत्री टाकतो. त्या थंडीत तिच्यात बसायची कुणाची छाती आहे? शिवरात्रीपर्यंत आम्ही दोघं एसटीनं जातो. परवा कंडक्टरनं विचारलंच, की काकू, दारात गाडी असून एसटीनं का? मी सांगितलं, बाबा, मी तिचा क्लच चिंचेनं घासलाय, तेव्हापासून ती लय गार पडते. त्यानं माझ्या हातात अर्धं तिकीट दिलं आणि ह्यांच्याकडं वळून हळूच विचारलं, "काका, ह्यांना गेल्या उन्हाळ्यात ऊन लागलं होतं का?"

हे म्हणाले, "हो."